सव्वीस तारखेचा मोकळा धक्का

सिंगापूर
९ नोव्हेंबर २०१४

प्रिय याहवा,

अस्सलामु अलैकुम. तीन वर्षांनी लिहिते आहे, म्हणून आधीच सांगते: मी नियार, तुमच्या बहिणीची, सलमियाची मुलगी. फोन चारदा लावला. मेदानहून आत्या म्हणाली, तुझा मामा फोन जाळ्यांच्या पेटीत ठेवतो आणि पेटी होडीत विसरतो. तेव्हा कागदच बरा.

मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? तुमचा फरीद अजून बांदा आचेहलाच शिकतो ना?

एक काम आहे. मी आता कंपनीच्या वेळापत्रक विभागात आहे. आमचं प्रवासी जहाज कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात जाईल, हे आम्ही चौघं वर्षभर आधी ठरवतो. आमची डोकेदुखी आमच्या जहाजाची नसते, दुसऱ्यांच्या जहाजांची असते. गेल्या डिसेंबरात फुकेतला एकाच सकाळी तीन जहाजं लागली. सात हजार माणसं एकदम किनाऱ्यावर. होड्यांसाठी दोन-दोन तास रांग, म्हातारी माणसं उन्हात चक्कर येऊन बसली. लंगकावीलाही तेच. परत आल्यावर एका बाईंनी लिहिलं, समुद्र बघायला गेले होते, लोकांच्या पाठी बघून आले.

म्हणून आमचे साहेब, मिस्टर क्वेक, यांना पुढच्या वर्षीच्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी एखादं बेट हवं आहे, आणि त्या बेटावरचा असा एक दिवस, ज्या दिवशी तिथे दुसरं जहाज नसेल. सबांगचं नाव मी सुचवलं. बंदराच्या कचेरीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तुम्ही धक्क्यावर जाऊन विचाराल का? चोवीसपासून तीसपर्यंत कुठले दिवस मोकळे आहेत, एवढंच.

तुमची,
नियार


सबांग
२७ नोव्हेंबर २०१४

नियार पोरी,

व अलैकुम सलाम. ओळख सांगायची गरज नव्हती. तुझं अक्षर तुझ्या आईसारखंच डावीकडे कलतं. फोनचं म्हणशील तर फोनवर माणूस मधेच तुटतो. कागद तुटत नाही.

मामीचा उजवा डोळा झाला, डावा राहिलाय. एका डोळ्याने तिला माझ्या चुका आधीपेक्षा जास्त दिसतात. फरीद शिकतो असं म्हणतो.

बंदरावर जाऊन आलो. कारकून आपल्याच गावचा, त्याने गेल्या पाच वर्षांची नोंद दाखवली आणि पुढच्या वर्षी कोण येतो म्हणालंय तेही सांगितलं. चोवीसला एक जर्मन जहाज. पंचवीसला शुक्रवार, शुक्रवारी आपल्या होड्या समुद्रावर जात नाहीत हे तुला ठाऊक आहे. सत्तावीसला एक लहान जहाज येणार, धक्का तेच अडवेल. पुढचे तीन दिवस मालाची जहाजं. सव्वीस मोकळा आहे. पाचही वर्षं मोकळा होता, पुढेही राहील. का, ते तुला मी काय लिहायचं.

तुझ्या जहाजाचं मला सगळं नीट कळलं नाही. मामीचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, पोरीला घरी यायचंय, सरळ विचारायला लाजते, म्हणून मोकळे दिवस विचारते. तसं असेल तर पुढच्या वर्षापर्यंत कशाला थांबतेस? यंदाच ये. यंदा दहा वर्षं होतात. सकाळी नमाजघरात दुआ, मग पुरुष मंडळी मोठ्या कढईत बोकड शिजवतात. कोळ्यांचा प्रमुख म्हणून पहिली तीन ताटं मी वाढतो. ती कोणाच्या नावाची, ते गावाला माहीत आहे. तुझ्या आईचं, बापाचं आणि तुझ्या धाकट्या भावाचं, इखसानचं. बाकीची गावाची.

आलीस तर एक चौथं ताट जिवंत माणसाचं वाढता येईल.

याहवा


सिंगापूर
३ फेब्रुवारी २०१५

प्रिय याहवा,

उशीर झाला, माफ करा. डिसेंबरात येणं जमलं नाही. वर्षअखेरीला इथे सुट्टी मिळत नाही.

मामींसाठी डोळ्यांची औषधं पाठवते आहे, सोबत दोन डबे चहा. औषध दिवसातून तीन वेळा, थेंब टाकल्यावर डोळा चोळायचा नाही.

तुम्ही दिलेल्या तारखांचा उपयोग झाला. वेळापत्रक ठरलं. मिस्टर क्वेक खूश आहेत.

फरीदला म्हणावं, परीक्षेआधी मला पत्र लिही.

नियार


सबांग
१४ जून २०१५

नियार,

बंदराच्या कचेरीबाहेर काल कागद लागला. डिसेंबरची सव्वीस, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. सोळाशे माणसं. खाली तुझ्या कंपनीचं नाव.

गावातली चार तरणी पोरं तो कागद उपटून माझ्या घरी घेऊन आली. म्हणाली, याहवा, हा दिवस त्यांना दिला कोणी? मी म्हटलं, मी दिला. ती हसली, त्यांना वाटलं म्हातारा चेष्टा करतो. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

मी त्यांना खरं तेच सांगितलं. सव्वीस मोकळा आहे, असं माझ्याच हाताने मी तुला लिहिलं होतं. कशामुळे मोकळा, ते लिहिलं नाही. लाट आली त्या तारखेला या किनाऱ्यावरचा एकही कोळी होडी सोडत नाही, हा आमचा रिवाज तू मेदानला गेल्यावर पडला. पण तारीख तर तुझी आहे ना. ती माझ्यापेक्षा तुझी जास्त आहे. मला वाटलं, ती वाचली की तुला कळेल.

आता बेटावर गाड्या चाळीस. रस्ता नमाजघरावरून जातो. आम्ही दुआला बसलेले असू आणि सोळाशे माणसं कढईचे फोटो काढत जातील. ती माणसं वाईट नसतील. त्यांना कोणी सांगितलेलं नसेल. पोरं म्हणतात, आम्ही एक होडी हलवणार नाही, रस्त्यात आडवे बसू. मी प्रमुख आहे, मला त्यांना आवरायला लागेल, आणि कुठल्या तोंडाने आवरू हे कळत नाही.

मला एकच विचारायचंय. तुला माहीत होतं ना?

याहवा


सिंगापूर
२८ जून २०१५

याहवा,

हो. माहीत होतं.

दोन आठवडे झाले, चार कागद फाडले. सरळ लिहिते.

जानेवारीत बैठक होती. भिंतीवर मोठा तक्ता असतो, बंदरं आडवी, तारखा उभ्या. जिथे दुसऱ्या कंपन्यांची जहाजं असतात तिथे आम्ही लाल चिठ्ठ्या लावतो. शेवटच्या आठवड्यात सगळा तक्ता लाल झाला होता. पेनांगला दोन, फुकेतला तीन, लंगकावीला दोन. सबांगच्या ओळीत सव्वीसचं घर पांढरं होतं. मिस्टर क्वेकनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी इथे कोणीच कसं जात नाही? नियार, तू तिकडचीच ना, काय कारण?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, काही कल्पना नाही.

एवढंच झालं. मी कोणाला फसवायला निघाले नव्हते. तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि इथे कोणाला काही माहीत नाही. इथे सगळ्यांना मी सांगितलंय की माझे आईवडील मेदानच्या रस्त्यावर बस उलटून गेले. भावाचं तर मी नावच घेत नाही. मला भाऊ नव्हता, असं सांगितलंय.

हे मी पेनांगला कॉलेजात असताना सुरू केलं. पहिल्या वर्षी खोलीतल्या मुलीला खरं सांगितलं होतं. ती चांगली होती. पण दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग मला बघायला लागला. एकीने विचारलं, तू पाणी बघितलंस का? मी बघितलंच नव्हतं, मी सुट्टीत आत्याकडे होते. ती जरा निराश झाली, याहवा. मला ते दिसलं. त्यानंतर बस बरी वाटली. बसबद्दल कोणी पुढे विचारत नाही.

आता तो दिवस छापून गेलाय. तिकिटं निघाली. जाहिरातीत लिहिलंय, संपूर्ण बेट फक्त तुमच्यासाठी. ती ओळ मी लिहिलेली नाही, पण तपासली मी.

मी काय करू, सांगा. तुम्ही म्हणाल ते करीन.

नियार


सबांग
१२ जुलै २०१५

नियार पोरी,

तुझं पत्र रोजा सोडल्यावर वाचलं. मामीला वाचून दाखवलं नाही. तिने विचारलं, मी म्हटलं, पोरीने ईदच्या शुभेच्छा पाठवल्यात. तेव्हा खोटं बोलणं तुलाच येतं असं समजू नकोस.

तू विचारतेस काय करू. मी सांगणार नाही. मी सांगितलं आणि तू केलंस, तर ते माझं होईल.

त्याऐवजी एक गोष्ट सांगतो. ही मामीलाही पूर्ण माहीत नाही.

लाटेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुझी आई इथे होती. फरीदच्या सुंतेचं जेवण होतं. इखसानला घेऊन सकाळच्या बोटीने बांदा आचेहहून आली, दिवसभर कांदे चिरत बसली. तुला आत्तापर्यंत सगळ्यांनी सांगितलं की आम्ही थांब म्हणत होतो, पण सलमिया थांबली नाही, नवरा घरी एकटा म्हणून परत गेली. हे मीच पहिल्यांदा सांगितलं. नंतर सगळे तेच सांगायला लागले.

ती थांबणार होती. चटईसुद्धा आणली होती. घरात मामीच्या माहेरची वीस-बावीस माणसं उतरली होती, पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं रडत होती. मी वैतागलो होतो. मी तिला मागच्या दारी बोलावून म्हटलं, सलमिया, तू घरचीच आहेस, तू कधीही येशील. ही गर्दी ओसरू दे. आज दुपारच्या बोटीने जा.

ती गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या या घरापर्यंत पाणी चढलंच नाही. मी गर्दी कमी करायला माझ्याच बहिणीला घालवलं. दहा वर्षं मी ताट वाढतो, आणि गावाला वाटतं भावाची केवढी माया. तू बैठकीत तीन शब्द बोललीस. मीही मागच्या दारी फार बोललो नव्हतो.

आता तुला माहीत झालं. माझ्यावर रागव, नको रागवूस, तो तुझा हक्क आहे. पण पुढचं पत्र लिहिशील ते मला विचारायला नको, सांगायला लिही.

याहवा


सिंगापूर
२ सप्टेंबर २०१५

प्रिय याहवा,

तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला मला दीड महिना लागला. रागावले होते. किती आणि कोणावर, ते अजून कळत नाही. म्हणून आधी कामाचं लिहिते.

मी मिस्टर क्वेकना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, बैठकीत का नाही बोललीस? मी म्हणाले, तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता. ते म्हणाले, मग आता पुन्हा बघतील. मी तुझ्या वतीने बोलणार नाही. दुसरं वेळापत्रक घेऊन ये आणि तूच सांग.

तीन आठवडे मी बंदरांना पत्रं पाठवत होते. शेवटी एकच मार्ग निघाला. पेनांग आणि सबांगची अदलाबदल. सव्वीसला पेनांग, सत्तावीसला सबांग. ऐकायला सोपं आहे. पण सव्वीसला पेनांगच्या धक्क्यावर दोन जहाजं आधीच आहेत, आम्ही तिसरे. दुपारपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबायचं आणि मग पाच हजार माणसांच्या मागून उतरायचं. टेकडीवरच्या गाडीला तीन तासांची रांग असेल. आणि सत्तावीसला तुमच्याकडेही धक्का भरलेला, म्हणजे तिथेही बाहेर नांगर टाकून होड्यांनीच उतरायचं. जी गर्दी टाळायला सगळा खटाटोप केला, ती दोन्हीकडे मीच मागून घेतली.

बैठकीत मी सगळं सांगितलं. लाट, तिघांची नावं, बस खोटी होती हेही. आवाज नीट लागला. आमच्या विभागातली मेलिसा रडली. रोहन नावाचा एक जण आहे, त्याने शांतपणे विचारलं, मग जानेवारीत तू गप्प का बसलीस? त्याचा प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, मला सांगता येत नव्हतं. त्याने मान हलवली आणि पुढचा कागद उघडला.

अदलाबदल मंजूर झाली. सोळाशे जणांना पत्रं गेली. सव्वाशे जणांनी तिकिटं रद्द केली. मला वेळापत्रकावरून काढून तक्रारींच्या टेबलावर बसवलंय, आणि डिसेंबरच्या त्या फेरीत जहाजावर मीच असणार, लोकांचं ऐकून घ्यायला. साहेब म्हणाले, ही शिक्षा नाही. मला वाटतं, थोडी आहे.

म्हणजे सव्वीसला तुम्ही दुआला बसाल तेव्हा मी पेनांगच्या रांगेत लोकांना पाणी वाटत असेन. सत्तावीसला येईन. माझं काम दुपारी दोनपर्यंत, शेवटची होडी चारला.

तुम्ही आईला घालवलंत हे मी आत्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते तुमचं आहे.

नियार


सबांग
३० डिसेंबर २०१५

नियार पोरी,

तुझं जहाज आज सिंगापूरला पोचलं असेल. तू पंधरा दिवस तरी थकलेली राहशील, तोवर हे पत्र येईल.

सव्वीसचं तुला भेटीत सांगायचं राहून गेलं. धक्का मोकळा होता. होड्या सगळ्या बांधलेल्या. दुआ झाली, पाऊस येईल असं वाटलं, आला नाही. ज्या पोरांनी कागद उपटला होता तीच कढई ढवळत होती. त्यातल्या एकाने मला विचारलं, तुमच्या भाचीने हे कसं काय जमवलं? मी म्हटलं, तोंड उघडून. त्याला वाटलं, भांडून. मी तसंच राहू दिलं.

सत्तावीसला मी सकाळी सातलाच धक्क्यावर येऊन बसलो. एक जहाज लागलेलं, तुझं बाहेर. दोन्हीकडची माणसं एकदम उतरली. गाडीवाले हातात नावांच्या पाट्या घेऊन उभे होते. तू कुठल्याशा पांढऱ्या छत्रीखाली उभी राहून एका म्हाताऱ्याचं ऐकून घेत होतीस, तो तुझ्यावर ओरडत होता. मी दोन तास तुझ्यापासून वीस पावलांवर होतो आणि तुला ओळखलं नाही. तेरा वर्षांची पोर शोधत होतो. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. तू येऊन माझ्या हाताला हात लावलास तेव्हा मी म्हटलं, उशीर केलास. माफ कर.

मामी म्हणते, तू जेवलीस कमी. मी म्हणतो, दोन तासांत माणूस जेवेल की बोलेल. आपण तर बोललोही नाही. तिघांच्या नावाने तू दुआ मागितलीस, मग आपण धक्क्यापर्यंत चालत आलो. आणि तिथे होडीच्या रांगेत, पुढे-मागे माणसं, कोणाची टोपी उडालेली, कोणी पोराला हाका मारतंय, अशात तू मला विचारलंस, "आई रागावून गेली का?"

मी म्हटलं, "काय? ऐकू आलं नाही, फार गोंगाट आहे." तू पुन्हा विचारलं नाहीस. तुझी होडी आली.

मला ऐकू आलं होतं.

तेव्हा आता ऐक. हो, रागावली होती. मागच्या दारातून ती सरळ आत गेली. चटई उचलली, इखसानचं तोंड धुतलं, सगळ्यांचा निरोप घेतला, माझा घेतला नाही. मी पाठोपाठ बोटीपर्यंत गेलो. माझ्या हातात मटणाचा डबा होता, तो तिने इखसानच्या हातात द्यायला लावला, स्वतः घेतला नाही. मी म्हटलं, सलमिया, मनाला लावून घेऊ नकोस. ती वर चढली. बोट सुटायच्या वेळी कठड्याशी आली आणि तिथून मला म्हणाली,

"गुरुवारी येते. तेव्हा बोलेन तुझ्याशी."

याहवा